हात न लावता

१४ जानेवारी, मंगळवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कारण एकच: पुरावा. सत्तावीस वर्षं कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात काढल्यावर माणूस एवढं शिकतो, की ज्याच्याकडे तारीखवार नोंद नसते, त्याच्याच डोक्यावर खापर फुटतं.

काम थोडक्यात. गावाकडे, म्हणजे बेटावर, वांग-ये देवाच्या देवळात एक कॉम्प्युटर आहे. तो मी दिला, सहा वर्षांपूर्वी, बाबा गेले त्या साली. बाबा चाळीस वर्षं देवळातल्या दिव्यांची यादी ब्रशने लाल कागदावर लिहीत. कोणत्या घराचा दिवा, घरात कोण कोण, कोणाला हे वर्ष वाईट. चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला ती नावं देवापुढे मोठ्याने वाचतात. ज्याचं नाव वाचलं, त्याच्याकडे देवाचं वर्षभर लक्ष. ज्याचं राहिलं, त्याचं तो बघून घेईल. बाबांसारखं अक्षर आता कोणाचं असणार, म्हणून मी समितीला सांगितलं, यापुढे यंत्र लिहील.

आज यंत्रात १२८४ घरं आहेत. सगळी मी इथे शिनचू शहरात बसून भरली, लांबून, इंटरनेटवरून. सहा वर्षांत एकदाही तिकडे जावं लागलं नाही. छपाई तिकडे करतात. प्रिंटरमधली पहिली शाई अजून संपलेली नाही. सेटिंग माझं आहे.

आता मशीनची सिस्टीम जुनी झाली. कंपनी म्हणते, यंदाच्या शरदानंतर तिला संरक्षण नाही. म्हणून पौर्णिमेच्या आत, म्हणजे १२ फेब्रुवारीच्या आत, नवीन सिस्टीम घालणार. इथून. मशीनला हात न लावता. तिकडे ईशान्येचा वारा सुटलाय, आठ दिवस बोट बंद आहे. मला काय फरक पडतो?

समितीचा सचिव माझा आतेभाऊ वेन-पिन. त्याला काल फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "दादा, कशाला त्रास घेतोस? आहे ते चालतंय की."

हे वाक्य लिहून ठेवतो. ज्याला काही लपवायचं नसतं, तो 'चालतंय' असं आपणहून सांगत नाही.

१५ जानेवारी. दुपारी

देवाचा कौल घेतला. देवळात खिळासुद्धा कौलाशिवाय ठोकत नाहीत. किल्ल्या युए-ओ आत्याकडे असतात. वय एकोणऐंशी, वेन-पिनची आई, बाबांची धाकटी बहीण. तिने फोन दिव्याच्या खांबाला टेकवला आणि लाकडी चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या. एक पालथी, एक उताणी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या, नकार. दोन्ही उताण्या, देव हसला.

तीन वेळा टाकल्या. तिन्ही वेळा देव हसला.

आत्या म्हणाली, देवाला प्रश्न कळला नसेल, उद्या नीट विचारू. मी म्हणालो, हसतो त्याची हरकत नसते. शिवाय तिसऱ्या वेळी फोन घसरला आणि मला छत दिसलं. त्या तेवढ्यात खाली कोणी काय केलं, कोणास ठाऊक. वेन-पिन आजूबाजूला होता का, असं विचारलं. आत्या म्हणाली, तो जाळी धुतोय. असेल.

होकार असं नोंदवतो.

१६ जानेवारी

नोटीस तयार करून आत्याला पाठवली, मशीनपाशी चिकटवायला. 'येन चिन-तेंग यांच्या परवानगीशिवाय या यंत्रास कोणीही, कोणत्याही कारणाने, हात लावू नये.' आत्याने विचारलं, मीसुद्धा? म्हटलं, आत्या, नियम सगळ्यांना सारखा. नोटीस लिहिण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ९.४०

संशय खरा ठरला.

आज लांबून देवळाच्या मशीनमध्ये शिरलो होतो. सिस्टीमला किती जागा लागेल, ते एका कोऱ्या पानावर टिपत होतो. अचानक पडद्यावरचा बाण आपोआप हलला. मग पानावर सात वेळा 'ग' आणि दोन अर्धविराम उमटले. मी काही दाबलं नव्हतं.

आत्याला फोन. म्हणाली, धूळ पुसत होते रे. उदबत्तीची राख बसते.

फडक्याने एक 'ग' उमटेल. सात? तिला कोणीतरी पढवलंय, किंवा ती कोणाला तरी झाकतेय. आत्या मनाने चांगली आहे, पण शेवटी ती वेन-पिनची आई.

उपाय लगेच काढला. आत्याला सांगितलं, हिरवी पुडी आण. हे तरी तिला समजावून सांगावं लागलं नाही. नारळाच्या चवीचे मक्याचे कुरकुरे, नावाचाच अर्थ 'गुणी बाळ'. मशीनवर ठेवली की मशीन शहाण्यासारखं वागतं. हिरवीच हवी, लाल किंवा पिवळी ठेवली की मशीन सिग्नलसारखं थांबतं. मुदत संपलेली नको, आणि खायची नाही. आमच्या कारखान्यात प्रत्येक मशीनच्या डोक्यावर एक असायची आणि त्या वेळेवर बदलण्याची जबाबदारी सत्तावीस वर्षं माझ्याकडे होती. माझी बायको लिएन लोकांना सांगते की तेवढीच होती. साफ खोटं. नोटीसबोर्डही माझ्याकडे होता.

माझी युक्ती पुढची आहे. पुडी मशीनच्या डोक्यावर ठेवायचीच नाही. सरळ कीबोर्डवर आडवी ठेवायची. आशीर्वादही झाला आणि कुलूपही झालं. बोटं टेकवायला जागाच नको.

आत्या म्हणाली, खिडकीला फट आहे, या वाऱ्यात पुडी उडेल. म्हटलं, वर काहीतरी जड ठेव. म्हणाली, दिव्याच्या तेलाचा डबा ठेवू का, पाच लिटरचा, तिथेच तर असतो मशीनवर. म्हटलं, मी सांगेन तेव्हा ठेव.

तेलाचा डबा मशीनवर कशाला असतो, हे विचारायला हवं. सवड झाली की विचारतो.

१८ जानेवारी

यादीची जादा प्रत काढून ठेवली. त्याच मशीनमध्ये, दुसऱ्या कप्प्यात. इथे आणली असती तर लिएनच्या हाती लागली असती. ती दर रविवारी आत्याशी तासभर फोनवर बोलते. काय बोलतात ते विचारलं तर म्हणते, मासळी.

म्हणजे १२८४ घरांची नावं आज जगात फक्त एका ठिकाणी आहेत. यालाच सुरक्षा म्हणतात.

२० जानेवारी, सोमवार

मुहूर्ताचा दिवस. पंचांगात आज 'यंत्र बसवण्यास शुभ' असं स्पष्ट आहे. 'प्रवासास अशुभ' असंही आहे. मी कुठे जातोय?

९.०५. सुरुवात केली.

९.५०. तीस टक्के. लिएनने चहा आणून ठेवला आणि पडद्याकडे बघितलं. गरजेपेक्षा जास्त वेळ बघितलं.

१०.३५. बासष्ट टक्के. लांबून, एवढ्या वाऱ्यात, समुद्रापलीकडून, बासष्ट टक्के. बाबा असते तर त्यांना कळलं नसतं, पण बरं वाटलं असतं.

१०.५०. मशीन म्हणतंय, आता बंद होऊन पुन्हा सुरू होईन, मध्ये कोणी हात लावू नये. नेमकं माझ्या नोटिशीतलं वाक्य. आत्याला ताबडतोब फोन: पुडी ठेव, वर डबा ठेव, खोलीला कुलूप लाव. ठेवला. लावलं.

१०.५२. संपर्क तुटला. हे अपेक्षित आहे. दहा मिनिटं.

११.२०. मोठं काम आहे. वेळ लागणारच.

१.००. जेवलो. मशीनला घाई करू नये.

४.१५. बेटाची लाइन खराब असणार.

२१ जानेवारी. सकाळी ८.००

आत्याचा फोन. म्हणे, खोलीतून टीऽटीऽटी असा आवाज येतोय, दाराबाहेर ऐकू येतो. कुलूप उघडून बघितलं तर पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरं, इंग्रजी. म्हणाली, "डबा उचलू का रे? बिचाऱ्याला श्वास लागल्यासारखा वाटतोय."

बरोबर याच क्षणाची मी वाट बघत होतो. डबाच का उचलायचा? एवढ्या खोलीत तिला नेमका डबाच का उचलावासा वाटतो? कोणाला तरी कीबोर्ड मोकळा करून हवाय.

म्हटलं, आत्या, हात लावू नकोस. नवीन सिस्टीम अशी आवाज करतेच.

म्हणाली, बरं बाबा. तुझं मशीन, तुला ठाऊक.

१०.३० ला वेन-पिनच्या नंबरवरून एक फोटो आला. खाली मजकूर नाही. उघडला नाही. फोटोतून काय काय शिरतं ते मला माहीत आहे. कारखान्यात त्यावर नोटीस होती. ती मीच लावली होती.

२३ जानेवारी

चौथा दिवस. शांतपणे विचार केला. वेन-पिनने मशीनची इंटरनेटची वायर उपटली असावी. वीज तरी पोचते का, हे तपासायला हवं, पण खोलीत कोणी जायला नको. मार्ग सुचला. आत्याला सांगितलं, देवळाचा मुख्य खटका बंद कर, शंभर मोज, चालू कर. असं तीनदा.

तिने केलं. खोलीतून पुन्हा टीऽटीऽटी आलं. म्हणजे वीज आहे. तपासणी यशस्वी.

एक किरकोळ बाब: त्या खटक्यावर देवळातला दिव्यांचा मनोराही आहे, घरागणिक एक विजेचा दिवा. गावातल्या सगळ्या घरांचे दिवे तीनदा गेले आणि तीनदा आले. देवळात बसलेली म्हातारी मंडळी घाबरून अंगणात धावली. एकीने नवस बोलून टाकला. आत्याने त्यांना सांगितलं, आपला तेंग शिनचूहून काहीतरी करतोय. म्हणे सगळे लगेच शांत झाले आणि परत जाऊन बसले. माझ्यावर गावाचा एवढा विश्वास आहे, हे वेन-पिनला झोंबत असणार.

२५ जानेवारी. सकाळी

लिएन म्हणाली, तुम्ही सरळ जाऊन का येत नाही? बोट परवा एक दिवस सुटली होती.

म्हटलं, मी गेलो तर ते लांबून केलं असं कसं म्हणता येईल?

ती म्हणाली, कोणाला म्हणायचंय?

या प्रश्नात काहीतरी होतं. तिने भांडी घासता घासता विचारला आणि उत्तराची वाटही बघितली नाही.

खरं सांगायचं तर (इथे सांगायला हरकत नाही) बाबांच्या दिवसांनंतर मी गेलोच नाही. तेव्हा समितीची माणसं पारावर बसून म्हणाली होती, तेंग, तू निवृत्त झालास की ये, यादी तू लिही, बापाचा ब्रश आत्याने जपून ठेवलाय. माझं अक्षर वाईट आहे. लहानपणी बाबांनी मला एक कागद दिला होता, दहा नावं लिहायला. लिहून दाखवली तर त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि रात्री स्वतः पुन्हा लिहिला. म्हणून मी कॉम्प्युटर दिला. त्यात सगळ्यांचं अक्षर सारखंच येतं.

आता मशीन बंद पडलं तर ते म्हणतील, ब्रश बरा होता. तोंडावर म्हणणार नाहीत. पण म्हणतील.

संकल्प: बोटीचं वेळापत्रक बघायचं नाही.

२८ जानेवारी. चांद्र वर्षाचा शेवटचा दिवस

सगळे जेवायला. मुलगी घरी आली आहे. माशाची ताटली मधे, मी एकटाच ताट घेऊन पडद्यासमोर. दर पाच मिनिटांनी संपर्क करून बघतो. 'संगणक सापडत नाही.' मुलगी म्हणाली, बाबा, तो सापडत नाही कारण तो तिकडे आहे.

हसली. आईसारखी.

२९ जानेवारी. नववर्ष

संकल्प: वर्षभर कोणावर संशय घ्यायचा नाही. दुपारी बारापर्यंत पाळला. मग आत्याचा शुभेच्छांचा फोन आला. मागून वेन-पिनचा आवाज येत होता, "आई, लाल कागद कुठे ठेवलास?"

लाल कागद कशाला हवाय?

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.००

छडा लागला.

परदेशी गेलेल्या गावकऱ्यांसाठी देवळाच्या अंगणात एक कॅमेरा आहे, चोवीस तास इंटरनेटवर. सहा वर्षांत मला बघायची गरज पडली नव्हती. आज तीन तास बघितला. अंगणात दोन मेजं जोडून मांडलेली. वेन-पिन लाल कागदाची गुंडाळी घेऊन आला. वारा कागद उडवतो म्हणून चार कोपऱ्यांवर शिंपले. शाळेचे जुने मास्तर चष्मा पुसत बसले. मग एकेक माणूस येतो, मेजापाशी वाकतो, काहीतरी सांगतो, मास्तर लिहितात, माणूस मान डोलावतो आणि जातो.

सह्यांची मोहीम. माझ्याविरुद्ध.

तेवढ्या वेळात एकशे सहा माणसं मोजली. सगळी तोंडं ओळखीची. म्हातारी झाली आहेत, पण ओळखीची. ज्यांच्या घरी मी लहानपणी शेंगा खाल्ल्या, ती माणसं हसत हसत सही देत होती. मला वाईट वाटलं. राग येईल असं वाटलं होतं, पण वाईटच वाटलं.

५ फेब्रुवारी

राजीनाम्याचा मसुदा. तीन पानं. 'सहा वर्षं निरपेक्ष सेवा' हे तीनदा आलं, एकदा खोडलं. पाठवला नाही. पाठवला तर ते स्वीकारतील.

कॅमेऱ्यात आज दोनशे बारा. लोक मोहिमेला शेंगा, चहा घेऊन येतात. एवढा उत्साह देवाच्या कामाला दाखवला असता तर.

८ फेब्रुवारी. सकाळी ९.३०

आत्याचा फोन. इकडचं तिकडचं बोलली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझी मुलगी वाघाच्या सालची की सशाच्या?

डाव कळला. मशीनचा पासवर्ड मुलीचं जन्मवर्ष आहे, आणि आमच्याकडे बारा वर्षांना बारा प्राण्यांची नावं, प्राणी कळला की वर्ष कळतं. शेकडो जणांच्या सह्या झाल्या, आता किल्ली हवी. आणि त्यासाठी एकोणऐंशी वर्षांच्या बाईला पुढे केलं.

म्हटलं, आत्या, हे मी फोनवर सांगू शकत नाही.

ती म्हणाली, "बरं. मला आठवतंय तसंच लिहिते."

काय लिहिते? कुठे लिहिते? विचारेपर्यंत ठेवला. तिला तेल गरम करायचं होतं म्हणे.

१० फेब्रुवारी

दोन दिवस राहिले. मशीन गप्प आहे. परिस्थिती नियंत्रणात आहे, फक्त नियंत्रण माझ्याकडे नाही.

लिएनला पहिल्यांदाच सगळं सांगितलं: तीन आठवडे मशीन बंद, यादी तिथेच अडकलेली, जादा प्रतही तिथेच, परवा देवापुढे वाचायला एक नाव नाही. १२८४ घरं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, होईल काहीतरी.

तिला काहीतरी माहीत आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार. पौर्णिमा

सकाळी ७.४५. कॅमेऱ्यासमोर. वही, दोन पेनं, चहा. वाचतात काय ते बघतो. जेवढी घरं वाचतील तेवढ्या काड्या मारणार. १२८४ पेक्षा जेवढ्या कमी, तेवढा समितीचा दोष. लेखी कळवणार.

८.१०. वारा पडलाय. अंगण भरलंय. वेन-पिन कोट घालून उभा. हातात लाल कागदांची जाडजूड चळत. सह्यांचे तेच कागद. देवापुढे वाचणार! इतकी हिंमत.

८.१२. वाचतोय. नावं वाचतोय. घर, माणसं, साल. घर, माणसं, साल.

८.३०. ही सह्यांची मोहीम नव्हती.

९.४०. ४१० काड्या. एक घर चुकत नाही. मास्तर ओळीवर बोट धरून बसलेत.

१०.५५. ९३० काड्यांच्या पुढे होतो, तेव्हा वेन-पिनने वाचलं: "शिनचूला राहतो तो आपला तेंग, बायको लिएन-त्साय, मुलगी हान-यू, वाघाच्या सालची. तिघं सुखरूप राहोत." आणि सगळं अंगण म्हणालं, राहोत.

काड्या थोडा वेळ मारायच्या राहिल्या. चहाही लवंडला. हे लिहितोय, कारण ही वही कोणी वाचणार नाही.

११.४०. संपलं. राहिलेल्या काड्या अंदाजाने मारल्या, मग वेन-पिनने शेवटी स्वतःच आकडा सांगितला. १२८५ घरं. एक जास्त. घोटाळा असणार. तपासतो.

दुपारी १२.३५. मशीन सापडलं! आपणहून! पडद्यावर निळं आकाश आणि 'स्वागत आहे'. नवीन सिस्टीम, शंभर टक्के. लांबून! हात न लावता!

१२.५०. यादी उघडली. सगळी घरं जागेवर. १२८४. लाल कागदावरचं जास्तीचं घर कोणतं, ते एकेक करून शोधणार होतो. शोधावं लागलं नाही. आमचं. यंत्रात माझं नाव 'व्यवस्थापक' म्हणून आहे, सगळ्यात वर, ठळक अक्षरात. दिव्यांच्या यादीत मी घर घातलंच नव्हतं. सुचलंच नाही.

म्हणजे यंत्रातली यादी वाचली असती तर देवाला शिनचूत कोणी राहतं हे कळलंच नसतं. सहा वर्षं.

१.१५. आत्याला फोन केला. विचारलं, मशीन कसं चालू झालं?

"अरे, पूजेला तेल लागलं. तुझं ऐकून तीन आठवडे डब्याला हात लावला नव्हता, लहान बरणीतलं गरम करून वापरत होते. आज संपलं. मग उचलला डबा. खाली तेल ओघळलं होतं, पुडीचा चुरा झाला होता. कीबोर्ड पुसला जरा. रागावू नकोस. पुसल्याबरोबर ते ओरडायचं थांबलं आणि गुणगुणायला लागलं."

म्हटलं, रागावलो नाही. मग विचारलं, मशीन बंद होतं म्हणून तुम्हा सगळ्यांना यंदा हाताने लिहावं लागलं ना? एवढा त्रास झाला.

ती म्हणाली, "यंदा कशाला? दरवर्षी लिहितो. तुझा बाप गेल्यापासून मास्तर लिहितात. लोक येतात, बसतात, कोणाचं पोर वाढलं, कोण गेलं, ते सांगतात. तेवढंच भेटणं होतं. तुझं घर मी सांगते."

दरवर्षी?

"दरवर्षी."

मग सहा वर्षं ते मशीन चालू कशाला ठेवलंत?

मला वाटतं, तिला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरंही सांगायचं नव्हतं.

"तुला बरं वाटतं म्हणून. आणि थंडीत शेंगदाण्याचं तेल घट्ट होतं रे, वात धरत नाही. तुझ्या मशीनवर डबा ठेवला की छान पातळ राहतं. वेन-पिन तेच म्हणत होता, आहे ते चालतंय, कशाला छेडतोस."

२.००. २१ जानेवारीचा फोटो उघडला. तेलाचा डबा, त्याखाली चपटी हिरवी पुडी, तिच्याखाली दबलेला कीबोर्ड. मागे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, अगदी स्वच्छ: एक कळ दाबली गेली आहे, सोडावी. शेजारी भिंतीवर माझी नोटीस.

समारोपाची नोंद. सिस्टीम बदलली: यशस्वी. नोटीस काढायला सांगितली. मुलीचं साल यादीत घातलं: वाघ. घर क्रमांक १२८५. बोटीचं वेळापत्रक बघितलं, फक्त माहितीसाठी. लिएन दाराशी उभी होती, तिने पिशवी आधीच भरून ठेवली आहे. त्यात एक हिरवी पुडी दिसली.

३.३०. आत्याचा पुन्हा फोन. तिला एकच विचारायचं होतं: नवीन सिस्टीम घातल्यावर मशीन पूर्वीइतकंच गरम होईल ना?

म्हटलं, आत्या, पूर्वीपेक्षा जास्त.

ती इतकी खूश झाली, की मला खरंच काहीतरी जमल्यासारखं वाटलं.